दुखणे घेऊन इगतपुरीला

मुंबईहून नाशिककडे निघालेली गाडी कसाऱ्याला थांबते आणि तिला जादा इंजिने जोडली जातात. पुढचा थळ घाट इतका चढा आहे, की सदतीस फूट पुढे सरकल्यावर गाडी एक फूट वर आलेली असते. बोगदे, दरीवरचे पूल आणि पावसाळ्यात थेट खिडकीपाशी येणारे ढग मागे टाकत तुम्ही इगतपुरीला उतरता, तेव्हा समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर असता. हवेतला फरक पहिल्या श्वासालाच कळतो. स्थानकावरचा बटाटावडा पूर्वापार प्रसिद्ध आहे. तो पथ्यात बसतो की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

फलाटावरून बाहेर पडणाऱ्या गर्दीत एक वेगळा प्रवासी तुम्हाला सहज ओळखता येईल. त्याच्यापाशी सामान बेताचे असते, चेहऱ्यावर थोडी धास्ती असते आणि तो घरी शेवटचा फोन करत असतो. पुढचे दहा दिवस त्याला फोन मिळणार नाही. रिक्षावालेही त्याला कुठे जायचे असे विचारत नाहीत. त्यांना ते ठाऊक असते. गावामागच्या डोंगराच्या पायथ्याशी, झाडीतून वर आलेला म्यानमारी घडणीचा सोनेरी कळस दिसतो, तेच धम्मगिरी. १९७६ पासून येथे विपश्यनेची शिबिरे भरत आली आहेत.

या जागेकडे धार्मिक दृष्टीने पाहणारे पुष्कळ आहेत. आपण आज तेथे जाऊ ते एका साध्या प्रश्नासाठी: औषधे चालू असूनही उरणारे दुखणे, त्यापायी येणारा ताण आणि मनावर बसणारे मळभ यांवर ध्यानाचा खरोखर काही उपयोग होतो का? हा प्रश्न येथे विचारणे गैर ठरू नये, कारण या केंद्राच्या कहाणीचा प्रारंभच एका डोकेदुखीने झालेला आहे.

सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशातील मंडाले येथे, मारवाडी व्यापारी कुटुंबात झाला. उमेदीच्या वयात त्यांना तीव्र अर्धशिशीने ग्रासले. वेदना इतकी असह्य, की मॉर्फिन टोचून घ्यावे लागे, आणि पुढे त्या मॉर्फिनचीच सवय जडेल अशी भीती निर्माण झाली. परदेशांतील नामांकित डॉक्टर झाले. गुण आला नाही. अखेर ते सयाजी उ बा खिन यांच्याकडे गेले. हे गृहस्थ सरकारात महालेखापाल होते आणि ध्यानही शिकवीत. केवळ डोकेदुखी घालवण्यासाठी आलो आहे, हे ऐकताच त्यांनी गोयंकांना घेण्यास नकार दिला. मनाची मशागत करायची असेल तर या, डोकेदुखी गेली तर ती वाटेत जाईल, असा त्यांचा पवित्रा होता. १९५५ मध्ये गोयंकांनी पहिले शिबिर केले.

मला या कहाणीतला तो नकार फार महत्त्वाचा वाटतो. ‘दुखणे जावे’ म्हणून डोळे मिटून बसणारा मनुष्य दर दोन मिनिटांनी तपासत राहतो: गेले का? अजून नाही? या तपासणीतच त्याची शक्ती खर्ची पडते आणि दुखणे होते त्याहून मोठे होते.

गोयंका १९६९ मध्ये भारतात आले. त्यांच्या आई मुंबईत चेतासंस्थेच्या विकाराने आजारी होत्या. त्यांना साधना शिकवावी, हा येण्यामागचा एक हेतू. मुंबईतील एका धर्मशाळेत पहिले शिबिर भरले, त्यात आईवडील धरून जेमतेम चौदा जण होते. म्हातारपणी दुखण्याने बेजार झालेल्या आईसाठी मुलाने केलेली धडपड तुमच्यापैकी अनेकांच्या घरात आज चालू असेल, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता आत काय घडते ते पाहू. पहाटे चारला घंटा होते. साडेचारपासून रात्री नऊपर्यंत, मधल्या विश्रांती वगळता, दहा तासांहून अधिक वेळ बैठक असते. सकाळी अकराला जेवण, आणि नवख्या साधकांना सायंकाळी पाचला चहा व थोडे फळ. बोलायचे नाही, खुणाही करायच्या नाहीत, वाचायचे-लिहायचे नाही. फी नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून पुढच्यांचा खर्च चालतो. पहिले साडेतीन दिवस एकच काम: नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास आहे तसा जाणायचा. तो दीर्घ करायचा नाही, मोजायचा नाही. चौथ्या दिवसापासून तेच धारदार झालेले लक्ष डोक्यापासून पायांपर्यंत फिरवायचे आणि जिथे जी संवेदना असेल ती पाहायची. खाज, उष्णता, जडपणा, ठणका, जे असेल ते. आवडले म्हणून धरायचे नाही, नकोसे झाले म्हणून ढकलायचे नाही.

वाचताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशीच पाठ, मान आणि गुडघे एकमुखाने तक्रार करू लागतात. ज्येष्ठांना खुर्ची मिळते, आणि ती घेण्यात कमीपणा काहीच नाही. तरी तासभर हालचाल न करता बसायचे म्हटले, की वीस मिनिटांत कुठे ना कुठे आग उठते. शिक्षण सुरू होते ते येथे. ‘गुडघा दुखतो’ हे एक वाक्य झाले. पण लक्षपूर्वक पाहिले तर त्या वाक्याच्या आत बरेच काही भरलेले सापडते. वाटीच्या डाव्या बाजूला उष्णता, मागच्या शिरेत ताण, मध्येच एक कळ, मग क्षणभर काहीच नाही. आणि याशिवाय मनाची बडबड: हा गुडघा आता बदलावा लागणार, खर्च किती येईल, मुलगा रजा काढेल का, जिना चढता आला नाही तर काय. पहिला भाग गुडघ्यात आहे. दुसरा गुडघ्यात नाही.

संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात बाणाचा दृष्टान्त आहे. देहाची वेदना हा पहिला बाण. त्यावर आपण जो आकांत करतो तो दुसरा, आणि तो त्याच जागी लागतो. आजचे वैद्यकही काहीसे असेच सांगते. वेदनेचा संदेश मेंदूत पोहोचतो तेव्हा भीती, अपेक्षा, जुन्या आठवणी आणि झोपेचा अभाव यांनी त्याची तीव्रता वाढते. भीतीने स्नायू आवळले जातात, श्वास उथळ होतो, आणि आवळलेले स्नायू आणखी दुखतात. हे चक्र ज्या ठिकाणी तुटू शकते, तिथे ध्यान काम करते. झिजलेली कूर्चा ते भरून आणत नाही.

याची रीतसर तपासणी अमेरिकेत झाली. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथील वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी, इतर उपचारांनी पुरेसा गुण न आलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा सजगतेचा वर्ग सुरू केला. त्यांतले अनेक जण जुनाट वेदनेचे रुग्ण होते. त्यांना पडून राहून क्रमाक्रमाने शरीरभर लक्ष फिरवायला शिकवत. पुढे २०१६ मध्ये कंबरदुखीच्या ३४२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा हा वर्ग केलेल्यांची हालचाल सहा महिन्यांनंतर अधिक सुधारलेली आढळली. विचार आणि वर्तन बदलण्याच्या मानसोपचारानेही जवळपास तितकाच लाभ दिला, हेही त्याच चाचणीने दाखवले. त्याआधी २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला होता. त्याचा निष्कर्ष संयत आहे: चिंता, उदासी आणि वेदना यांत ध्यानाने थोडी ते मध्यम सुधारणा होते. मला हा संयतपणा आवडतो. चमत्काराची जाहिरात करणाऱ्यांपेक्षा ‘थोडा फरक पडतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवणे म्हातारपणी अधिक सोयीचे असते.

इगतपुरीच्या फलाटावर शिबिर संपवून परतणारे एक आजोबा भेटले होते. टपालखात्यातून निवृत्त झालेले, दोन्ही गुडघे अधू. त्यांना न्यायला आजीही आल्या होत्या. काही फरक पडला का, असे विचारले तेव्हा आजोबा म्हणाले, “गुडघा आहे तसाच आहे. पण रात्री दुखायला लागलं की लगेच हिला उठवायचो, ते यापुढे जरा थांबून बघीन म्हणतो.” त्यावर आजी पिशवी सावरत म्हणाल्या, “बघा म्हणजे झालं. दहा दिवस मी एकटी घरी होते. किती वर्षांनी सलग झोपले!”

आजींचे ते वाक्य शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाने ऐकावे. रुग्णाच्या औषधांचे वेळापत्रक घरोघरी भिंतीवर लावलेले असते. त्याला उठवणाऱ्या-बसवणाऱ्या माणसाच्या थकव्याची नोंद कुठेच नसते. दहा दिवस घर सोडणे अशा माणसाला शक्य नसते, आणि ते आवश्यकही नाही. दुपारी रुग्णाचा डोळा लागला, की भांड्यांकडे धाव घेण्याआधी दहा मिनिटे खुर्चीत बसावे. पाय जमिनीवर टेकलेले, पाठ टेकलेली चालेल. नाकाशी श्वास जाणावा. मन पळणारच, पळाले हे लक्षात आले की परत आणावे, स्वतःवर रागावू नये. हाक आली तर उठावे. ध्यान मोडले म्हणून हळहळण्याचे कारण नाही.

दुखणे असलेल्याने काही दिवस असाच श्वास पाहावा आणि मग लक्ष हळूच दुखऱ्या जागी न्यावे. तिथे नेमके काय आहे? कडा कुठे संपते? ते वाढते, ओसरते, की जागा बदलते? असह्य झाले तर लक्ष तळपायांकडे किंवा बाहेरच्या आवाजांकडे न्यावे. आसन बदलावेसे वाटले तर खुशाल बदलावे, फक्त जाणीवपूर्वक. उठताना घाई करू नये. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उभे राहिल्यास चक्कर येते. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. छातीत नवी कळ, अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी, हातापायातले गेलेले बळ ही ‘पाहत बसण्याची’ दुखणी नव्हेत. तेव्हा ताबडतोब रुग्णालय गाठावे.

उदासीच्या बाबतीत अधिक जपून बोलले पाहिजे. नैराश्याचे झटके वारंवार येणाऱ्यांसाठी सजगतेवर आधारलेला एक उपचारवर्ग तयार झाला आणि इंग्लंडच्या सरकारी वैद्यकीय मार्गदर्शिकेने २००४ मध्ये त्याची शिफारस केली. ती शिफारस होती झटका ओसरल्यावर पुन्हा येऊ नये यासाठी. ऐन खोल नैराश्यात, जेवण तुटलेले आणि जगणे नकोसे झालेले असताना, कोणाला दहा दिवसांच्या मौनात पाठवणे योग्य नाही. मौनात मनातला गाळ वर येतो. तो झेलण्याचे बळ तेव्हा नसते. शिबिराच्या अर्जात शारीरिक व मानसिक आजार आणि चालू औषधे विचारतात, ती माहिती लपवू नये. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नये. ‘तिकडे जाऊन ये, सगळे ठीक होईल’ असे सांगणारे नातलग बहुधा सद्भावनेने बोलतात, पण वैद्यकीय सल्ला म्हणून ते वाक्य कुचकामी आहे.

इगतपुरीची पहाट आणि दहा दिवसांची बैठक झेपणार नसेल, तर त्याच परंपरेची एक सौम्य ओळख मुंबईजवळ गोराईला होऊ शकते. तेथील विश्व विपश्यना पॅगोडा २००९ मध्ये खुला झाला. त्याच्या विशाल घुमटाला आत एकही खांब नाही, आणि त्याखाली सुमारे आठ हजार माणसे एकाच वेळी बसू शकतात. घुमटाखाली बसण्याची मुभा शिबिर केलेल्यांनाच असते. इतरांना तो काचेआडून पाहता येतो. मात्र येणाऱ्या कोणालाही श्वासावरच्या ध्यानाचा दहा मिनिटांचा परिचय विनामूल्य दिला जातो. आयुष्यात प्रथमच बसणाऱ्यासाठी तो पुरेसा आहे.

बोरिवलीकडून खाडी ओलांडायला बोट आहे. ज्यांना होडीत चढता-उतरता येत नाही किंवा ज्यांची चाकाची खुर्ची बरोबर आहे, त्यांनी भाईंदरवरून रस्त्याने जावे. पावसाळा टाळून, सकाळच्या वेळी गेल्यास ऊन लागत नाही आणि गर्दीही कमी असते.