पोटॅशची गोणी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत रावेरकडे थोरल्या बंधूंच्या केळीच्या बागेत मी चार दिवस काढले. एके सकाळी पुतण्या गोणी उसवून पोटॅशचे तांबूस दाणे आळ्यांतून टाकवून घेत होता. तो विज्ञानाचा पदवीधर. सहज म्हणाला, "काका, केळ्यातही किरणोत्सर्ग असतो बरं का! या पोटॅशमुळेच."

"तर मग अणुबाँबला भिण्याचे आपल्या खानदेशाला काहीच कारण नाही," मी म्हणालो. सगळे हसले, दादाही हसले. ही कोटी मला इतकी आवडली की सुट्टी संपताच मी ती वर्गातही करून दाखवली.

पुढे काही दिवसांनी कॉलेजच्या ग्रंथालयात बिकिनी बेटाविषयीचे एक पुस्तक माझ्या हाती आले. पॅसिफिक महासागरातील मार्शल बेटांपैकी हे एक. १९४६ च्या फेब्रुवारीत, रविवारची प्रार्थना आटोपल्यावर, एका अमेरिकन आरमारी अधिकाऱ्याने तेथील लोकांना एकत्र बोलावले आणि अखिल मानवजातीच्या कल्याणासाठी त्यांनी आपले बेट तात्पुरते सोडावे, असे सांगितले. मार्चमध्ये १६७ माणसे दुसऱ्या बेटावर नेऊन उतरवण्यात आली. तेथे पोटापुरते अन्न मिळेना. जुलैत बिकिनीवर दोन अणुबाँबचे स्फोट झाले, आणि त्याच महिन्यात पॅरिसमधील एका फॅशन-रचनाकाराने त्या बेटाचे नाव स्त्रियांच्या एका तोकड्या पोशाखाला दिले. जगाला ते नाव ठाऊक आहे ते बहुधा या पोशाखामुळेच.

१९४७ साली संयुक्त राष्ट्रसंघाने अमेरिकेला त्या प्रदेशाचे विश्वस्त नेमले. रहिवाशांच्या जमिनीचे व साधनसंपत्तीचे रक्षण करणे हे विश्वस्ताचे एक कर्तव्य होते. १९५८ पर्यंत या विश्वस्ताने तेथे ६७ स्फोट केले! १ मार्च १९५४ चा स्फोट हिरोशिमाच्या सुमारे हजार पट होता. शंभर मैलांवरील राँगेलाप बेटावर पांढरी राख पडली. मुले त्या राखेत खेळली. अंगे भाजली, केस गळले; लोकांना हलवण्यास दोन दिवस लागले, आणि पुढे कित्येक मुलांच्या गळ्यात गाठी झाल्या.

परंतु माझी कोटी ज्या मजकुरापाशी गळून पडली, तो याच्या पुढचा. १९६८ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी बिकिनी आता राहण्यास योग्य असल्याचे जाहीर केले. काही कुटुंबे परतली, नारळ लावले गेले, घरे उभी राहिली. १९७८ साली मात्र त्या सर्वांना पुन्हा बेट सोडावे लागले. प्रवाळाच्या मातीत पोटॅश फार थोडे, आणि स्फोटाने मागे ठेवलेले सीझियम हे गुणधर्माने पोटॅशचे भाऊबंद. भुकेले मूळ पोटॅश समजून तेच ओढून घेते. ते नारळात उतरते, नारळातून माणसात. पुढे शास्त्रज्ञांनी प्रयोग केले, तेव्हा झाडांना भरपूर पोटॅश घातल्यास फळातील हे विष बरेच कमी होते, असे आढळले.

म्हणजे गोणी तीच! माझा पुतण्या घड भरावा म्हणून पोटॅश टाकतो; तेथे तेच पोटॅश टाकायचे ते फळ निदान खाता यावे म्हणून. केळ्यातील किरणोत्सर्ग निसर्गाचा आहे, आणि शरीर आपल्यापुरते पोटॅश ठेवून बाकीचे टाकून देते. कितीही केळी खाल्ली तरी ते साठत नाही. त्याची तुलना राखेत खेळलेल्या मुलांशी करणे हा विनोद नव्हे, बेफिकिरी आहे.

आणि हे एकट्या अमेरिकेचे नव्हे. इंग्रजांनी आपले बाँब ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या भूमीवर फोडले; फ्रान्सने १९६० पासून अल्जीरियाच्या वाळवंटात आणि १९६६ पासून पॉलिनेशियात. प्रत्येकाने 'रिकामी' जागा शोधली. आमच्या महसुली दप्तरांतही 'पडीत' हा शब्द आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी अशा पडीत जमिनीवर कोणाची तरी गुरे चरत असतात, कोणी मोहफुले वेचत असते. जागा रिकामी आहे की नाही, हे तेथे राहणाऱ्याला कोणी विचारत नाही. नकाशा ज्याच्या हातात, तोच ते ठरवतो.

२ एप्रिल १९५४ रोजी नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याची मागणी केली, याचा मला अभिमान वाटतो. तथापि १९७४ व १९९८ साली आपणही पोखरणच्या वाळूखाली स्फोट केले. ती भूमी आपलीच होती हे खरे. परंतु जवळच्या खेड्यांनाही 'आपले' म्हणताना आपण त्यांचे किती ऐकले, हा प्रश्न उरतोच.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी माझी कोटी परत घेतली. मुले जरा बुचकळ्यात पडली. प्राध्यापकाने केलेला विनोद मागे घेतल्याचे त्यांनी पूर्वी पाहिले नसावे. घरी आलो तो दादांनी पाठवलेला केळीचा घड ओसरीवर टांगलेला होता. एक केळे सोलून हातात घेतले. स्वतःच्या झाडाचे फळ निर्धास्तपणे तोंडात घालता येणे, हे केवढे भाग्य आहे, याचा विचार त्या दिवसापर्यंत मी कधीच केला नव्हता.