हुशारी की ओळखीचा पट?

अप्रेझलचे दिवस आले की हापिसात 'हुशार' हा शब्द भलताच स्वस्त होतो. अमका हुशार, तमका 'स्ट्रॅटेजिक' विचार करतो, वगैरे वगैरे. म्हणजे नक्की काय करतो, ते कुणीच सांगत नाही. म्हणून जरा बुद्धिबळाकडे वळू या.

आपल्याला वाटतं, ग्रँडमास्टर म्हणजे वीस चाली पुढचं बघणारा माणूस. १९४० च्या दशकात आद्रिआन दे ग्रूट ह्या डच मानसशास्त्रज्ञाने तपासलं, तर वेगळंच निघालं. चांगले खेळाडू आणि ग्रँडमास्टर साधारण सारखाच खोल विचार करत होते. फरक एवढाच, की ग्रँडमास्टर नेमक्या कामाच्या चालींवर विचार करत होते. पुढे १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन ह्यांनी खेळाडूंना पाच सेकंद पट दाखवून तो आठवून मांडायला लावला. खऱ्या डावातला पट असला की मास्टर नवशिक्याच्या कितीतरी पुढे. पण सोंगट्या वाट्टेल तशा ठेवल्या, की ती आघाडी गायब! म्हणजे स्मरणशक्ती अचाट नव्हती, पट ओळखीचा होता.

आता आमचा टीम लीड बघा. रात्री दोन वाजता बॅच जॉब पडला, की आम्ही कोड उघडून बसतो. हा गडी फोनवरच विचारतो, "आज महिनाअखेर ना? मग आधी व्याजाचा जॉब बघा." दहा मिनिटांत काम फत्ते. आम्ही म्हणतो, काय डोकं आहे! डोकं आहेच हो, पण त्यामागे ह्याच सिस्टीमवर जागवलेली सात वर्षंही आहेत.

हे सगळं आत्ताच सुचायचं कारण म्हणजे मला दुसऱ्या प्रोजेक्टची ऑफर आलीय. डोमेन नवं, माणसं नवी. इथे पाच वर्षांनी कुठे लोक मला हुशार म्हणायला लागलेत. तिथे निदान वर्षभर तरी मी विस्कटलेल्या पटासमोर बसणार, आणि पुढचं अप्रेझल त्याच वर्षाचं असणार. घराचा हप्ता नुकताच सुरू झालाय, ते वेगळंच.

तरी जावं असं वाटतंय. ही सिस्टीम कधीतरी बंद होणारच, आणि त्या दिवशी माझी हुशारीही तिच्याबरोबर जाईल. दुसरा पट तेव्हा शिकण्यापेक्षा आत्ता शिकलेला बरा.

असो. सोमवारी मॅनेजरला उत्तर द्यायचंय. तुम्ही काय केलं असतंत?