आत्ता घ्यावा की थांबावं?

आमच्या घरी महिनाभर एकच वाद चालू आहे. चिरंजीवांना नवा लॅपटॉप हवा आहे. आई म्हणते, आत्ता घ्या; चिरंजीव म्हणतात, पुढचं मॉडेल येऊ दे. आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले, म्हणून निकाल आमच्याकडे!

बर दुबईतल्या कॉम्प्युटर स्ट्रीटवर घेतलेल्या आमच्या जुन्या लॅपटॉपमध्ये आम्ही घरीच रॅमची जादा पट्टी बसवली आणि तो आणखी चार वर्षं चालला. हल्ली बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. नंतर वाढवायची सोय नाही! मात्र 2024 साली थिंकपॅड पी-1 मध्ये स्क्रूने बसणारी, बदलता येणारी पातळ रॅम आली. ती पुढे सर्रास मिळेल, असा आमचा अंदाज आहे.

दुसरी गोष्ट एनपीयूची. 2024 पासून कोपायलट प्लस लॅपटॉपांत सेकंदाला 40 लाख कोटींहून जास्त क्रिया करणारी ही चिप असते. पुढे वेग वाढतच जाणार.

"मग मराठी पत्रही तोच लिहील. शनिवारी क्लासला कशाला जायचं?" चिरंजीवांचा सवाल.

आम्ही सांगितलं, "अरे, 1990 च्या सुमारास पडद्यावर मराठी अक्षर दिसायला संगणकात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवावं लागे. आता कार्ड लागत नाही. पण आजीला काय लिहायचं, हे कार्डाला तेव्हा कळत नव्हतं आणि चिपला पुढेही कळणार नाही. ते तुलाच सुचायला हवं."

निकाल : लॅपटॉप आत्ताच, रॅम दुप्पट. आणि पहिलं पत्र आजीला!