चिकट हातांचं वाचन

फेब्रुवारीत वसईतल्या आमच्या गास गावी अंगणात राजेळी केळी वाळत असतात. पिकलेलं केळं सोलायचं, चटईवर मांडायचं, ऊन लागलं की उलटायचं, संध्याकाळी गोळा करून झाकायचं. काही दिवसांनी त्याची तपकिरी, गोड सुकेळी होते आणि वाळलेल्या केळीच्या पानात बांधली जाते. या कामात दोन्ही हात कायम चिकट. अशा हातांनी पुस्तक धरलं की पानाला पान डकतं. तो प्रयोग मी करून पाहिला आहे आणि वाचनालयाला पुस्तकाची किंमतही भरून झाली आहे.

शेवटी मुलीने मोबाईलवर स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकवणारं ॲप घालून दिलं. एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी, जी कपाटात अनेक वर्षं माझ्याकडे रागाने बघत होती, ती केळ्यांच्या दोन खेपांत ऐकून संपली. हे मुद्रित पुस्तकाला जमलं नसतं. नालासोपाऱ्याहून चर्चगेट लोकल पकडल्यावरही पुस्तक उघडायला दोन कोपरांची जागा लागते. कानाला ती लागत नाही.

पण एकदा ऐन लढाईत शेजारीण विळा मागायला आली. ती गेली तोवर सेनापती पडला होता. कोण पडलं, कसं पडलं, कळेना. मागे जाण्याचं बटण दाबायला हात स्वच्छ नव्हते. नाकाने दाबलं, तर अख्खं प्रकरण पुढे गेलं. छापील पुस्तकात मला जागा आठवते: डावीकडचं पान, खालून चौथी ओळ. कानाला डावं पान नसतं.

सासूबाईंना माझी ही तक्रार पटत नाही. त्यांच्या आजीला अक्षर येत नव्हतं, तरी उपवासकाळात पुराण ऐकून ऐकून ओव्या पाठ होत्या. ते पुराण म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’. ते १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. भाषा मराठी, लिपी मात्र रोमन, ओव्या जवळजवळ अकरा हजार. शांताराम बंडेलूंची देवनागरी आवृत्ती पुण्याहून आली ती १९५६ साली. तोवर ज्यांना रोमन येत नव्हती, त्यांनी हे पुस्तक कानानेच वाचलं म्हणायचं! फरक एवढाच, की म्हणणारा समोर बसलेला असे. ‘परत म्हण’ म्हटलं, की तो परत म्हणे. नाक लावावं लागत नसे.

तरीही फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘नाही मी एकला’ मी छापीलच वाचलं. आपल्याच वसईच्या माणसाचं आत्मचरित्र. त्यात दर दोन पानांनी थांबून ‘असं नव्हतं हो’ किंवा ‘अगदी असंच’ म्हणावंसं वाटतं, समासात पेन्सिल चालवावीशी वाटते. गोष्ट असेल तर मी ऐकते. वाद घालायचा असेल तर मला कागद लागतो.

सासूबाई आता माझ्या शेजारी बसून ऐकतात. वाचणारा फार घाई करतो, अशी त्यांची कुरकुर होती. तो दोष त्याचा नव्हता. मुलीने वेग सव्वापट करून ठेवला होता. परवा हात धुऊन तो मी पूर्ववत केला.