कोषाच्या टरफलातला पुरावा

अंबड तालुक्यात आमची मोसंबीची बाग आहे. कोवळी पालवी फस्त करणाऱ्या अळीशी इथल्या प्रत्येक बागायतदाराचं वैर. यंदाच्या पावसाळ्यात मी मात्र परसातल्या कढीपत्त्यावर त्याच जातकुळीच्या अळ्या दिसल्या, तेव्हा त्या उचलून जाळीच्या डब्यात वाढवायला ठेवल्या. लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या त्या अळ्या पुढे हिरव्यागार झाल्या, डिवचलं की डोक्यामागून उग्र वासाची शिंगं बाहेर काढू लागल्या, आणि एकेक करत काडीला रेशमी धागा बांधून कोषात गेल्या.

फुलपाखरं निघाली ती कॉमन मॉर्मनची. काही काळीभोर, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांचा आडवा पट्टा असलेली. हे नर. काहींच्या मागच्या पंखांवर मधोमध पांढरे डाग आणि कडेला लाली. या माद्या, कॉमन रोझ फुलपाखराचा वेश घेतलेल्या. कॉमन रोझची अळी किडामारीसारख्या वेलींवर वाढते, त्यांतलं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. मॉर्मनच्या मादीत विष नाही, पण त्या रंगांमुळे तिचा जीव वाचतो. इथपर्यंत पुस्तकात आहे तसंच सगळं घडलं.

मग एक वेगळंच निघालं. पट्टा नराचा, काळेपणा नराचा, पण मागच्या पंखांच्या कडेने ठसठशीत लाल चंद्रकोरी.

आजीने विचारलं, “पोरगं हाय का पोरगी, येवढं तर सांग!” मला सांगता येईना. एका जाणकाराला फोटो पाठवला, त्याने नर म्हटलं. दुसऱ्याने मादी. तिसऱ्याने तर अर्धं अंग नराचं आणि अर्धं मादीचं असण्याची शक्यता काढली. अशी फुलपाखरं खरोखर जन्मतात, पण बहुतेकदा त्यांचे डावे-उजवे पंख एकमेकांशी जुळत नाहीत. माझ्याकडच्याचे तंतोतंत जुळत होते.

वाचत गेलो तसं कळलं की या जातीने भल्याभल्यांना चकवलं आहे. लिनियसने १७५८ मध्ये या नराला आणि मादीला दोन निराळ्या जाती समजून दोन नावं दिली होती. मादीची आपल्याकडे तीन रूपं आहेत: कॉमन रोझसारखं स्टिचियस, क्रिमसन रोझ या दुसऱ्या फुलपाखरासारखं रोम्युलस, आणि हुबेहूब नराच्या वेशातलं सायरस. सायरस त्यांत सर्वांत कमी दिसतं. तिच्या पंखांवर लाल चंद्रकोरी ठळक असतात खऱ्या, पण काही नरांच्या पंखांवरही त्यांच्या खुणा असतात. म्हणजे नुसत्या रंगावरून निकाल देणं धोक्याचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रायर या संशोधकांनी तेव्हाच्या सिलोनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या ही फुलपाखरं वाढवून या रूपांची आनुवंशिकता शोधली. वेशाचं जनुक नराच्या अंगातही असतं, त्याच्या पंखांवर मात्र उमटत नाही. २०१४ मध्ये कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा वेश ‘डबलसेक्स’ या जनुकाच्या हाती आहे, आणि कीटकांमध्ये नर-मादीचा फरक घडवणारं जनुकही तेच. मला हे वाचून अंगावर काटा आला. ज्या दोन गोष्टींची मी सरमिसळ करत होतो, त्या निसर्गाने एकाच ठिकाणी बांधल्या होत्या.

उत्तर शेवटी पंखांत नव्हतंच, शरीरात होतं. नराच्या पोटाच्या टोकाला मादीला धरण्यासाठी दोन झडपा असतात, त्यांच्यामध्ये उभी फट दिसते. मादीला त्या नसतात. फुलपाखरू जिवंत, सतत फडफडणारं. त्याला दाबून धरायला हात धजेना. तेव्हा डब्यात राहिलेलं रिकामं टरफल आठवलं. या फुलपाखराचा कोष वेगळा ठेवला होता, त्यामुळे टरफल कुणाचं याबद्दल शंका नव्हती. कोषाच्या पोटाकडच्या बाजूला, शेपटाजवळ, नराच्या नवव्या खंडावर बारीक रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांना इवले उंचवटे असतात. मादीची खूण आठव्या खंडावरच सुरू होते आणि तिथे उंचवटे नसतात. भिंग आणि टॉर्च घेऊन ओसरीवर बसलो. रेघ आठव्या खंडावर होती.

मादी. सायरस रूपातली. मग दार उघडून तिला कढीपत्त्यापाशी सोडून दिलं.

फुलपाखरं वाढवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: प्रत्येक कोष निराळा ठेवा आणि फुलपाखरू उडालं की टरफल फेकू नका. छोट्या डबीत घालून वर तारीख, गाव आणि झाडाचं नाव लिहून ठेवा.