आधी तबेला, मग पदव्युत्तर पदवी
पशुवैद्यकाची पदवी हाती आली आणि मन घोड्यांपाशीच अडून बसलंय. वाटा अनेक आहेत: शस्त्रक्रिया किंवा औषधोपचार विषयात एम.व्ही.एस्सी., पुण्याकडच्या स्टड फार्मवर उमेदवारी, महालक्ष्मीचं रेसकोर्स, लष्कराची रिमाउंट अँड व्हेटरनरी कोर, हिसारचं अश्व संशोधन केंद्र. पण पुस्तकातला घोडा वेगळा आणि पोटशुळानं लोळणारा वेगळा. घोड्याला उलटी होत नाही. जठर तुंबलं की नाकातून नळी घालून ते मोकळं करावं लागतं. असा हात सरावानंच बसतो. म्हणून आधी जुन्या डॉक्टरांच्या हाताखाली राबायचं, मग एम.व्ही.एस्सी., हे मी ठरवलंय. शर्यतीच्या घोड्याइतकाच माथेरानचा ओझेवाहू घोडाही माझा रुग्ण असेल. याच वाटेनं येणाऱ्यांनो, आधी तबेल्यात राहा; अश्ववैद्य तिथंच घडतो.