बिनआवाजाची गाडी

गेल्या दिवाळीत दादाने बॅटरीची गाडी घेतली, तेव्हा घरात सर्वांत जास्त खूश झाली ती आमची आजी. तिला गाडीचे कौतुक नव्हते. झोपमोड टळली याचे होते. शेतातली वीज आमच्याकडे बहुधा रात्रीची. मोटर चालू करायला दादा एक-दीडला निघायचा आणि त्याची जुनी फटफटी अंगणात अशी काही खाकरायची, की आजीच काय, गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून बसत. नवी गाडी मात्र दारातून कधी गेली ते कुणाला कळत नसे. वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, मोटर 250 वॅटच्या आतली. म्हणून तिला नंबर नाही, चालवणाऱ्याला लायसन नाही. दादा म्हणायचा, "ही गाडी नाही रे, मांजर आहे मांजर."

मांजर म्हटले की शिकार आलीच, हे मात्र तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

आमचे शेत भोकरदनपासून थोडे दूर, केळनेच्या अंगाला. मका आणि मिरची. मक्याला कणसे धरली की रानडुकरे येतात, म्हणून पाणी द्यायला गेलेला माणूस राखणही करूनच परततो. एके रात्री परत आलेला दादा मला म्हणाला, "आज बांधावर ससा होता. गाडी अगदी जवळ गेली, तरी हलला नाही. त्याला कळलंच नाही!" त्याच्या डोळ्यांत जी चमक दिसली ती मी ओळखली. आजोबा शिकारीच्या गोष्टी सांगत, तेव्हा त्यांच्याही डोळ्यांत तीच असे.

आजोबांची शिकार मी पाहिलेली नाही, फक्त ऐकली. दोन कुत्री, हातात काठ्या, चार-पाच जण आणि भरपूर आरडाओरडा. उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग, तिच्या पायथ्यापर्यंत पायी जायचे. ससा बीळ करून राहत नाही. दिवसा गवतात दबून बसतो. त्याला आधी उठवायचा, पळू द्यायचा आणि मग कुत्री सोडायची. "बसल्या सशाला मारणं म्हणजे झोपलेल्या माणसाचा खिसा कापणं," असे ते म्हणत. बहुतेक वेळा ससाच जिंके. 1972 च्या दुष्काळात ते खडी फोडायला जात. त्या वर्षी घरात शिजलेल्या सशाची आठवण सांगताना मात्र त्यांचा आवाज खाली यायचा. त्या गोष्टीत बढाई नसायची.

गंमत अशी, की वन्यजीव संरक्षणाचा कायदा संमत झाला तो त्याच 1972 साली. खडी फोडणाऱ्यांपर्यंत तो केव्हा पोचला असेल कोण जाणे! राज्यशास्त्राच्या तासाला त्याचा विषय निघाला, म्हणून मी ग्रंथालयात जाऊन तो वाचला. मूळ कायद्यात परवाना असलेल्या शिकाऱ्यालासुद्धा काही गोष्टींची बंदी होती. चाकाच्या वाहनावरून शिकार करायची नाही. सूर्यास्तानंतर करायची नाही. 1991 च्या दुरुस्तीत हे परवानेच गेले, तेव्हा त्यांच्या जोडीची ही कलमेही गेली. आता पीक नासणाऱ्या रोह्याला किंवा डुकराला मारण्याची परवानगी वनखात्याकडून मिळू शकते. पण आमच्या बांधावरच्या सशाने कुणाचे काय घोडे मारले होते?

हे सारे माहीत असूनही मी गेलो. दादाने "चाल, बस मागं," म्हटले आणि मी बसलो. त्याचे कारण आजही मला नीट सांगता येत नाही. हातातली बॅटरी माझ्याकडे, काठी दादाकडे. पाणंदीतून गाडी निघाली. फक्त चाकाखालच्या खड्यांची कुरकुर. रातकिड्यांनीसुद्धा आमच्यासाठी आपले गाणे थांबवले नाही. फटफटीवरून जाताना रान आपल्याला वाट करून देत दूर सरकते. इथे आम्ही थेट त्याच्या माजघरात शिरलो होतो. भीती वाटली ती त्याचीच.

निघण्यापूर्वी दादाने मोबाइलवर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांची चित्रफीत दाखवली होती. तिकडे जाड टायरच्या विजेच्या सायकली घेऊन लोक डोंगरात हरणांच्या मागावर जातात. आवाज नाही, धुराचा वास नाही. तिकडे परवाना असतो, ठरलेला हंगाम असतो. सरकारी जमिनींवरच्या सायकलींच्या वाटा या गाड्यांनाही खुल्या करण्याचा आदेश तिथे 2019 साली निघाला, त्यावरूनही बरीच वादावादी झाली. पुढे माझ्या वाचनात दुसरीच गोष्ट आली. आफ्रिकेच्या दक्षिण भागात 2021 च्या सुमारास जंगलाच्या रक्षकांनाच विजेच्या मोटारसायकली दिल्या गेल्या. कारण पेट्रोलच्या गाडीचा आवाज लांबून ऐकून चोरटे शिकारी पसार होत. चोराच्या हाती मांजर, तशी शिपायाच्या हातीही!

तर, ससा सापडला. बॅटरीच्या झोतात बांधावर बसलेला, कान उभे, डोळ्यांत तांबूस ठिणगी. उजेड दिसत होता, पण उजेडामागे काय आहे हे त्याला समजत नव्हते. दादा गाडीवरून हलकेच उतरला. काठी वर गेली. आणि मी खोकलो.

ससा दोन उड्यांत मक्यात नाहीसा झाला. दादाने काठी खाली टेकली. बराच वेळ कुणी बोलले नाही.

"मुद्दाम खोकलास?"

"धूळ गेली घशात."

दादाने गाडी वळवली. येताना चार्जिंग संपले आणि शेवटचा चढ आम्ही दोघांनी गाडी ढकलत काढला. घामाघूम होऊन दारात आलो, तर आजी जागी. "आज कसं काय दोघं दमलात?" एवढेच तिने विचारले. आजोबा असते तर त्यांनी आणखी काही विचारले असते.

त्यानंतर दादाने मला कधी बरोबर नेले नाही. पाणी द्यायला तो जातो, मक्याची राखणही करतो. त्याची काठी गोठ्याच्या कोपऱ्यात असते; कधी असते, कधी नसते. रात्री जाग आली की मी अंथरुणात पडून कान देतो. फटफटी असती तर तो केव्हा गेला, किती वेळाने परतला, एवढे तरी कळले असते.